शॉर्ट स्केल बास गिटार : स्वस्तात घेताना काय पाहावे?

वाद्यांच्या दुकानात बास गिटार मागायला येणारे गिऱ्हाईक आता एकाच प्रकारचे राहिलेले नाही. पूर्वी ऑर्केस्ट्रातला किंवा बँडमधला मुरलेला वादकच येत असे. आता बारा-तेरा वर्षांचा मुलगा वडिलांचा हात धरून येतो, कॉलेजातली मुलगी येते, साधी गिटार वाजवणारा घरच्या रेकॉर्डिंगसाठी बास शोधत येतो. दुकानदार भिंतीवर टांगलेली नेहमीची मोठी बास काढून देतो. लहान हाताची बोटे तिच्यावर पोचत नाहीत, मनगट दुखू लागते आणि दोन महिन्यांत वाद्य कपाटावर जाते किंवा दुकानात परत येते. अशा गिऱ्हाइकासाठी शॉर्ट स्केल बास योग्य असते. मात्र स्वस्तातली शॉर्ट स्केल घेताना नेमके काय पाहायचे, हे विक्रेत्याला आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिरालाही ठाऊक हवे.

स्केल म्हणजे काय?

नटपासून ब्रिजवरच्या सॅडलपर्यंत तारेचा जो भाग कंप पावतो, त्याची लांबी म्हणजे स्केल. गिटारच्या एकूण लांबीशी तिचा संबंध लावू नये. नेहमीच्या बासची स्केल ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर असते. ३० इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटरच्या आसपास असली की ती शॉर्ट स्केल. मोजण्याची सोपी रीत अशी : नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत टेप लावावा आणि येणारा आकडा दुप्पट करावा. १५ इंच आले तर स्केल ३० इंच. खोक्यावर काहीही छापलेले असो, टेप खोटे बोलत नाही.

चार इंचांनी हाताला किती फरक पडतो? पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर ३४ इंची बासवर सुमारे ५.१ इंच, तर ३० इंची बासवर सुमारे ४.५ इंच असते. चार बोटे चार फ्रेटवर ठेवणाऱ्याला हा अर्धा-पाऊण इंच फार मोठा असतो.

लांबी घटली, सूर तोच

तंबोऱ्याचे काम जाणणाऱ्यांना मर्दानी आणि जनानी तंबोरा माहीत आहे. जनानी तंबोरा लांबीला कमी असतो आणि तो वरच्या सुरात लावतात. त्यामुळे तार ताणलेलीच राहते. बासचे तसे नाही. शॉर्ट स्केल बासही मोठ्या बासच्याच सुरात लावावी लागते. चौथी, म्हणजे सर्वांत जाड तार दोन्हींवर ई सुरात, सेकंदाला सुमारे ४१ कंपनांवरच हवी.

लांबी घटली आणि सूर तोच ठेवला तर तारेचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ३४ वरून ३० वर आल्यास त्याच तारेचा ताण सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतो. २८.६ इंचांच्या छोट्या बासवर ही घट २९ टक्क्यांच्या घरात जाते. ढिली तार जास्त हेलकावते आणि फ्रेटला लागून खडखडते. बोट जरा जोरात दाबले की सूर चढा होतो. सितारीत जव्हारीची झणकार मुद्दाम काढतात. बासमध्ये ही खडखड दोषच समजतात.

स्वस्त शॉर्ट स्केल बासबद्दलच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ या एका गोष्टीत आहे. म्हणून निवड करताना रंग आणि पॉलिश यांच्याआधी तार, नेक आणि ब्रिज पाहावेत.

स्वस्त म्हणजे कमअस्सल नव्हे

अमेरिकेत फेंडर कंपनीने १९५१ साली ३४ इंची प्रिसिजन बास आणली आणि तेच माप रूढ झाले. गिब्सनने १९५३ मध्ये ३०.५ इंची बास काढली. जर्मनीच्या हॉफ्नर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची ५००/१ ही ३० इंची बास १९५६ ची. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्ग शहरात ती घेतली, त्याचे एक कारण म्हणजे फेंडर त्यांच्या खिशाला परवडत नव्हती. पुढे याच जातीच्या वाद्यावर त्यांनी जगभर गाजलेली गाणी वाजवली. खुद्द फेंडरनेही १९६६ मध्ये ३० इंची मस्टँग बास बाजारात आणली. तेव्हा शॉर्ट स्केल म्हणजे मुलांचे खेळणे, असे गिऱ्हाइकाला सांगू नये.

कमी किमतीच्या वर्गात स्क्वायर ब्रॉन्को (३० इंच), ग्रेच ज्युनियर जेट (३०.३ इंच) आणि आयबानेझ मिक्रो (२८.६ इंच) ही नावे वादकांच्या ओळखीची आहेत. पण एकाच नमुन्याच्या दोन नगांतही फरक असतो. नावावर न जाता नग तपासावा.

दुकानात करायची तपासणी

१. नेक : वाद्य डोळ्यासमोर बंदुकीसारखे धरून नेकच्या कडेने पाहावे. पीळ असेल तर नग बाजूला ठेवावा. तो दुरुस्त करणे परवडत नाही. मग जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट पाहावी. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी, सुमारे ०.३ मिलिमीटर फट असावी. कमीजास्त असल्यास ट्रस रॉडने सुधारते. पण रॉड फिरतो का, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे.

२. फ्रेट : नेकच्या दोन्ही कडांवरून हात फिरवावा. टोके टोचता कामा नयेत. नंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवावी. एखाद्याच ठिकाणी खडखड असेल तर त्याच्या पुढचा, ब्रिजच्या बाजूचा फ्रेट उंच आहे असे समजावे.

३. ब्रिज : प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल असलेला ब्रिज चांगला. काही स्वस्त नमुन्यांत दोन तारांना मिळून एकच सॅडल असते. त्यावर चारही तारा बिनचूक सुरात आणणे अवघड जाते.

४. सुराची कसोटी : बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला हलका स्पर्श करून सूर काढावा, मग त्याच फ्रेटवर तार दाबून काढावा. ट्यूनरवर दोन्ही सारखे यावेत. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे घ्यावे लागते. स्क्रूला तेवढी जागा उरली आहे का, ते पाहावे.

५. तोल : पट्टा गळ्यात अडकवून हात सोडावा. हलक्या बॉडीच्या बासमध्ये खुंट्यांच्या वजनाने नेक खाली झुकते आणि वादकाचा डावा हात ती तोलून धरण्यातच दमतो.

६. विजेचा भाग : ॲम्प्लिफायरला जोडून प्रत्येक नॉब फिरवावा. करकर आली तर सफाईने जाते. आवाज मधेच तुटत असेल तर जॅक किंवा सोल्डरिंग पाहावे. हे काम थोडक्यात होते, त्यामुळे एवढ्यासाठी चांगला नग सोडू नये.

तारा बदला, मग मत द्या

स्वस्त वाद्यावर कारखान्यातून आलेल्या तारा बहुधा साधारणच असतात. जाड तारेची ढिलाई कमी करायची तर तिची जाडी वाढवावी. १०५ ऐवजी ११० नंबरची तार घेतल्यास ढोबळमानाने एक-दशांश ताण परत मिळतो. मात्र नटची खाच तेवढी रुंद आहे का, ते पाहावे; नसल्यास बारीक कानशीने काळजीपूर्वक मोठी करावी. चपट्या वेष्टनाच्या तारा महाग पडतात, पण त्यांचा आवाज गोल येतो, बोटे घासत नाहीत आणि त्या बराच काळ टिकतात. शॉर्ट स्केलवर त्या शोभतात.

तारेची लांबीही जुळली पाहिजे. लांब स्केलची तार लावल्यास तिचा जाड भाग खुंटीवर येतो, तिथे तो नीट वळत नाही आणि वेष्टन उसवते. म्हणून शॉर्ट स्केलसाठीचाच संच मागवावा. ज्यादा टोक कापायचे झाल्यास तार आधी काटकोनात वाकवून मगच कापावी, म्हणजे वेष्टन सरकत नाही.

कारागिराला काम

नग विकताना अर्ध्या दिवसाची जुळवणी करून दिली, तर स्वस्त बासही चांगली वाजते. क्रम असा ठेवावा : नव्या तारा, सुरात लावणे, ट्रस रॉड, ब्रिजची उंची, नटच्या खाचा आणि शेवटी सॅडल मागेपुढे करणे. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड तारेला सुमारे २.५ आणि बारीक तारेला २ मिलिमीटर हे सुरुवातीचे माप धरावे. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये.

आपल्या हवेचाही विचार करावा. पावसाळ्यात कोकणपट्टीवर लाकूड दमटपणाने फुगते. उन्हाळ्यात देशावर ते आकसते आणि फ्रेटची टोके बाहेर येतात. म्हणून वर्षातून दोनदा जुळवणी करण्याची सोय ठेवावी. गिऱ्हाइकाचे वाद्य वाजते राहते आणि कारागिराला नियमित काम मिळते.

पैशांची वाटणी आणि सरळ व्यवहार

सगळी रक्कम वाद्यातच घालवू नये. ॲम्प्लिफायर, केबल, पट्टा, पिशवी, तारा आणि जुळवणी यांसाठी एकूण रकमेचा एक-तृतीयांश वाटा बाजूला काढावा. साध्या गिटारच्या लहान ॲम्प्लिफायरवर बास मोठ्याने वाजवली तर स्पीकर फाटण्याची भीती असते.

शॉर्ट स्केलची मर्यादाही स्पष्ट सांगावी. ज्याला तारा नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावायच्या आहेत, त्याला तिच्यावर समाधान मिळणार नाही. त्याने ३४ इंचीच घ्यावी. हे आधी सांगितल्याने एखादी विक्री हुकेल, पण परत येणारा माल आणि दुखावलेले गिऱ्हाईक टळेल. बिलावर स्केलचे माप आणि तारांचा नंबर लिहून द्यावा. पुढच्या खेपेला तारा घ्यायला तेच गिऱ्हाईक तो कागद घेऊन तुमच्याच दुकानात येईल.