कंपायलर बदलला, आता रीबूट मारू का?

थर्ड इयरला असताना, म्हणजे २०१६ साली, सबमिशनच्या आदल्या रात्री मी एक शहाणपणा केला. जेंटू लिनक्सवर जीसीसी ४.९ काढून ५.४ टाकला. प्रोजेक्ट सी प्लस प्लसमध्ये होता आणि त्याला सीनियर्सनी दिलेली एक तयार लायब्ररी जोडायची होती. कंपाइल केलं तर लिंकरने 'अनडिफाइन्ड रेफरन्स'च्या ओळींवर ओळी तोंडावर फेकल्या. रूममेट म्हणाला, "अरे, कंपायलर बदललास ना? मग रीबूट मार की!" मारला. तीनदा मारला. एरर तीच. मग घाबरून अख्खी सिस्टिम रीकंपाइलला लावली. पहाटे चारला लाइट गेली.

सकाळी सीनियर दादाला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "एरर वाचलीस का रे?"

नव्हती वाचली. तिच्यात जागोजागी 'सीएक्सएक्स११' असं लिहिलेलं होतं आणि सगळं उत्तर तिथेच होतं.

जीसीसी हा काही कर्नलचा भाग नाही. कमांड दिली की तो चालतो, फाइल बनवतो आणि संपतो. नवा टाकला की पुढची कमांड नव्यालाच जाते. (जेंटूत तो जीसीसी-कॉन्फिगने निवडावा लागतो आणि मग लॉगआउट-लॉगइन केलं की झालं.) आधी बनलेले प्रोग्रॅम तसेच चालतात. गवंडी बदलला म्हणून बांधलेलं घर कोणी पाडत नाही.

पण दोन गवंड्यांचं माप जुळलं नाही तर? २०१५ साली आलेल्या जीसीसी ५.१ पासून सी प्लस प्लसच्या स्ट्रिंग आणि लिस्टची आतली रचना, म्हणजे एबीआय, बदलली. ६४-बिट मशीनवर जुनी स्ट्रिंग ८ बाइटची, नवी ३२ ची! सीनियर्सची लायब्ररी लॅबच्या मशीनवर ४.८ ने बनलेली, माझा कोड नव्या मापाचा. लिंकरने नकार दिला ते बरंच झालं. अशा वेळी सोर्स असेल तर तेवढी लायब्ररी रीकंपाइल करा. सोर्स नसेल तर जीसीसीचा एबीआय निवडणारा मॅक्रो शून्य करून आपला कोड जुन्या मापाने बनवा. मी तेच केलं, पाच मिनिटांत काम झालं. जेंटूवाल्यांनी सी प्लस प्लसची पॅकेजेस मात्र रेव्हडेप-रीबिल्डने पुन्हा बनवावीत. शुद्ध सीमधल्या पॅकेजेसना या बदलाचा काही त्रास नाही.

कंपायलरबरोबर त्याची रनटाइम लायब्ररीही बदलते. चालू असलेले प्रोग्रॅम मेमरीतली जुनीच प्रत धरून बसतात, तेव्हा तेवढे बंद करून पुन्हा सुरू करायचे. कोण बसलंय ते एलएसओएफ दाखवतं.

मग रीबूट लागतो कधी? कर्नल बदलला की. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टरचा गाजावाजा झाला आणि रेटपोलिनची सोय असलेला जीसीसी ७.३ आला. कित्येकांनी तो टाकला आणि निश्चिंत झाले! अहो, नुसता कंपायलर टाकून काय होणार? त्याने कर्नल पुन्हा बनवायचा, बाहेरून घेतलेले ड्रायव्हर मॉड्यूल्स त्याच कंपायलरने बनवायचे आणि मग रीबूट. चालू कर्नल कोणत्या कंपायलरने बनलाय हे 'प्रॉक' डिरेक्टरीतल्या 'व्हर्जन' फाइलमध्ये दिसतं. रीबूटनंतर तिथे जुनाच आकडा असेल तर बूटलोडरने जुनाच कर्नल उचलला असं समजा.

माझं सबमिशन दुपारी झालं. उशिराचे पाच मार्क गेले.