शेतमालाचा धंदा शिकून करायचा

सांगली-साताऱ्याच्या मंडयांत बागवान बंधू पिढ्यान्‌पिढ्या फळे-भाजीपाल्याचा व्यापार करीत आले आहेत. पहाटे माल घ्यायचा, संध्याकाळपर्यंत खपवायचा, नासला तो तोट्यात धरायचा, ही आपली रीत. पण नासलेला माल हा केवळ व्यापाऱ्याचा तोटा नसतो. तेवढे अन्न कुणाच्या तरी ताटात जायचे राहते. माल टिकविणे हा वेगळा हुन्नर आहे आणि तो शिकावा लागतो.

तासगावच्या द्राक्षाचेच पाहा. ताजे द्राक्ष लवकर विकावे लागते. तेच पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर पंधराएक दिवस सुकविले की बेदाणा होतो आणि शीतगृहात महिनोन्‌महिने टिकतो. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा निघतो. म्हणजे द्राक्ष २५ रुपयांनी घेतले, तर बेदाण्यात कच्च्या मालाचेच १०० रुपये गेले. मजुरी, जाळ्या, शीतगृहाचे भाडे निराळे. त्यात सुकवणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला तर माल काळा पडतो. हा हिशेब ज्याला कागदावर मांडता येत नाही त्याने शेडमध्ये पैसा घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा हिशेब शिकविण्याची सोय आहे. कृषी पदवीधर व पदविकाधारकांसाठी केंद्र सरकारने २००२ साली कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना सुरू केली. हैदराबादची 'मॅनेज' संस्था व नाबार्ड तिचे काम पाहतात. सांगलीत कृष्णा व्हॅली ॲडव्हान्स्ड ॲग्रिकल्चर फाउंडेशनने योजनेखाली अनेक तुकड्या तयार केल्या. प्रशिक्षण ४५ दिवसांचे व विनाशुल्क. पुढे प्रकल्प काढल्यास खर्चाच्या ३६ टक्के अनुदान, महिलांना ४४ टक्के. आपल्या कृषी शिकलेल्या मुलींच्या घरच्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मात्र हे अनुदान बँकेच्या कर्जाशी जोडलेले आहे, आणि व्याजामुळे आपली कित्येक घरे तिथेच थांबतात. त्यांनी प्रशिक्षणही सोडावे हे आम्हास पटत नाही. प्रशिक्षण घेतले म्हणून कर्ज घेतलेच पाहिजे असे नाही. व्यापाऱ्याचे भांडवल व बाजारातील ओळख, शिकलेल्या तरुणाचे कसब, आणि नफ्याचा हिस्सा आधीच लिहून ठेवलेली भागीदारी, हा मार्ग आपल्याला नवा नाही. लिहून ठेवणे मात्र आपण टाळतो, आणि भांडणे तिथूनच सुरू होतात.

ज्यांच्याजवळ पदवी नाही त्यांनी जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेची चौकशी करावी. ग्रामीण तरुणांना तिथे मोफत शिकविले जाते. वेल्डिंग-फॅब्रिकेशन करणाऱ्या कारागीर बंधूंनाही यात काम आहे: बेदाण्याच्या शेडचे सांगाडे, हळद शिजविण्याचे कुकर, पॉलिशचे ड्रम. हंगाम सुरू झाल्यावर दुरुस्तीला धावाधाव होते. ऑर्डरी त्याआधीच, दिवाळीच्या सुमारास, शेतकऱ्यांना भेटून घ्याव्यात.