पिल्लाला जगाची ओळख

मुलांनो, शाळेतून घरी जाताना तुम्हाला वाटेत कितीतरी कुत्री दिसतात. एखादा कुत्रा तुम्हाला पाहून आनंदाने शेपूट हलवतो. दुसरा मात्र फाटकाच्या आतून दात दाखवतो. कोणी छत्री उघडली की तो जोरजोराने भुंकू लागतो. आपल्या मॉरिशसमध्ये वाक्वा आणि क्यूरपीप या भागांत तर वारंवार पाऊस पडतो. तिथे छत्री उघडल्याशिवाय कसे चालेल?

हा दुसरा कुत्रा दुष्ट आहे का? नाही. पुष्कळदा असा कुत्रा घाबरलेला असतो. घाबरलेला कुत्रा पळून जाऊ पाहतो. पळायला जागा नसली तर तो भुंकतो आणि चावतोही. मग घरचे लोक त्याला दिवसभर साखळीने बांधून ठेवतात. कोणी कोणी तर त्याला रस्त्यावर सोडून देतात. असे होऊ नये म्हणून काय करावे? पिल्लू लहान असतानाच त्याला जगाची ओळख करून द्यावी. ती कशी करून द्यायची, ते आज आपण पाहू.

पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात. त्याला ऐकूही येत नाही. सुमारे दोन आठवड्यांनी त्याचे डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यात त्याला आवाज ऐकू येऊ लागतात. तेव्हापासून सुमारे बारा ते चौदा आठवड्यांपर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. या काळात पिल्लाला जे जे न घाबरता पाहायला आणि ऐकायला मिळते, ते त्याच्या ओळखीचे होते. पुढे मात्र नव्या गोष्टीचा त्याला आधी संशय येतो.

हे शास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिले आहे. अमेरिकेत मेन नावाचे राज्य आहे. तेथील बार हार्बर या गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिथे फ्रीडमन, किंग आणि एलियट या शास्त्रज्ञांनी काही पिल्ले उंच कुंपणाच्या मैदानात त्यांच्या आयांजवळ वाढू दिली. त्यांतील काही पिल्लांना लहान वयात एक आठवडा माणसांचा सहवास दिला. काही पिल्लांना मात्र चौदा आठवड्यांची होईपर्यंत माणसांचा सहवास मिळाला नाही. ही पिल्ले पुढे रानटी जनावरांसारखी माणसांपासून दूर पळू लागली. योग्य वयात माणसे भेटलेली पिल्ले मात्र माणसांजवळ येऊ लागली. हा प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला.

आता समजा, तुमच्या घरी एक पिल्लू येणार आहे. त्याचे नाव मोती. मोती आठ आठवड्यांचा होईपर्यंत त्याला आईजवळच राहू द्या. भावंडांशी खेळताना तो एक मोठा धडा शिकतो. जोरात चावले की भावंड ओरडते आणि खेळ थांबतो, हे त्याला कळते. आठ आठवड्यांनंतर तुमच्या हाती सुमारे सहाच आठवडे उरतात. म्हणजे फक्त दीड महिना!

पहिल्या दिवशी मोतीभोवती गर्दी करू नका. जमिनीवर शांत बसा आणि त्याला आपणहून जवळ येऊ द्या. तो आला की त्याला तुमचा हात हुंगू द्या. मग त्याच्या छातीवरून किंवा हनुवटीखालून हळूच हात फिरवा. तो जेवत असताना किंवा झोपला असताना त्याला हात लावू नका.

पुढे रोज एखादी नवी ओळख करून द्या. एके दिवशी साडी नेसलेली आजी, दुसऱ्या दिवशी काठी टेकत येणारे आजोबा. कधी टोपी घातलेले काका, तर कधी हेल्मेट घातलेले शेजारी. कुकरची शिट्टी, मिक्सरचा आवाज, ढोलकी आणि झांजा हेही त्याला ऐकू द्या. आवाज आधी दुरून आणि हळू असावा. तो शांत राहिला की त्याला शिजवलेल्या कोंबडीचा बिनहाडाचा लहानसा तुकडा द्या. चॉकलेट, कांदा आणि द्राक्षे मात्र देऊ नका. ती कुत्र्याला विषासारखी असतात.

बाहेरचे जगही त्याने पाहिले पाहिजे. पण लहान पिल्लाला पार्वो नावाचा रोग होऊ शकतो. तो फार घातक असतो. म्हणून सगळ्या लसी टोचून होईपर्यंत त्याला मोकाट कुत्री फिरतात अशा जागी खाली सोडू नका. मोठ्या माणसांबरोबर त्याला कडेवर घेऊन बसथांब्यापर्यंत जा. तिथून त्याला बसगाड्या, सायकली आणि माणसे दिसतील. पिल्लाला बाहेर केव्हा चालवायचे, ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारा.

एक दिवस मोठा पाऊस येतो. दादा दारात फट्कन छत्री उघडतो. मोती थरथरत पलंगाखाली जाऊन बसतो.

दादा म्हणतो, "चल, त्याला ओढून बाहेर काढू. छत्री जवळून पाहिली की आपोआप भीती जाईल."

आजी म्हणते, "नको रे बाळा! ओढलेस तर त्याची भीती वाढेल. मग तो छत्रीला भिईल आणि तुलाही भिईल."

आजीचे म्हणणे खरे आहे. पिल्लाला बोलता येत नाही, पण त्याचे अंग बोलते. शेपूट पायांत घालणे, कान मागे पाडणे, तोंड फिरवणे, पुन्हा पुन्हा ओठ चाटणे, झोप आली नसताना जांभई देणे, ही भीतीची चिन्हे आहेत. ती दिसली की थांबा. नवी वस्तू दूर न्या. त्याला ओढू नका, रागावू नका आणि हसूही नका.

मग छत्रीचे काय करायचे? दुसऱ्या दिवशी मिटलेली छत्री जमिनीवर ठेवा. तिच्याजवळ थोडा खाऊ ठेवा. मोती दबकत येईल, छत्री हुंगेल आणि खाऊ खाईल. त्यानंतरच्या दिवशी छत्री थोडीशी उघडून ठेवा. मग कधीतरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ती हळूच उघडा. यात कदाचित आठवडा जाईल. घाई करू नका. एक दिवस तुम्ही पावसात शाळेतून याल. हातात उघडी छत्री असेल, आणि मोती शेपूट हलवत दारात उभा असेल!

काही आवाज मात्र पिल्लासाठी फारच मोठे असतात. नव्या वर्षाच्या रात्री फटाक्यांच्या माळा लागतात, तेव्हा मोतीला घरात ठेवा. दारे-खिडक्या लावा आणि त्याच्याजवळ बसा.

मुलांनो, रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याला मात्र कधीही हात लावू नका. मालक जवळ असेल, तर आधी त्याची परवानगी घ्या. कुत्रा अंगावर आला तर पळू नका. झाडासारखे स्तब्ध उभे राहा.

कुत्रा साधारण दहा ते पंधरा वर्षे जगतो. सुरुवातीचे काही आठवडे तुम्ही धीर धरलात, तर तो पुष्कळ गोष्टींना न भिता आयुष्यभर तुमच्याबरोबर राहील. भीती ओढून घालवता येत नाही. ती ओळखीनेच जाते.

शब्दार्थ
सहवास – सोबत, बरोबर राहणे
संशय – शंका
मोकाट – मोकळे फिरणारे
दबकत – भीत भीत, हळूहळू
स्तब्ध – न हलता, शांत

प्रश्न
१. घाबरलेला कुत्रा काय काय करतो?
२. पिल्लाने आठ आठवडे आईजवळ का राहावे?
३. पिल्लाच्या भीतीची चार चिन्हे लिहा.
४. "ओढलेस तर त्याची भीती वाढेल," असे आजी का म्हणाली?

उपक्रम
तुम्हाला पूर्वी कशाची भीती वाटत होती? ती कशी गेली? पाच ओळी लिहा.