समोर उभं राहून काढ

पंढरपूर

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू 'हो मामा, बरं मामा' म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहायला बसलोय. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील.

परवा बार्शीच्या लग्नात दादरच्या काकू भेटल्या. म्हणाल्या, परळला शाळा सुटायच्या वेळी तुला लोकांनी घेरलं, कॅमेरा आपटला आणि पोलीस चौकीत नेऊन बसवलं. पंगतीत तुझ्या चुलत्यांनी दुसरंच सांगितलं. कॅमेरा शाबूत आहे म्हणे, नुसत्या दोन थपडा बसल्या. 'नुसत्या' म्हणताना ते जिलबी वाढून घेत होते. ताईला विचारलं तर ती म्हणते, काही नाही रे, थोडी बाचाबाची झाली. आता तीन तोंडांच्या तीन गोष्टींतली कुठली खरी धरायची? तू मला सरळ लिही, मार बसला का? कुठे बसला? चष्म्यावर तर नाही ना?

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. रस्ता सार्वजनिक आहे, रस्त्यावर फोटो काढायला कायद्याची आडकाठी नाही, रेल्वेच्या हद्दीत आणि ससून डॉकात परवानगी लागते तिथे मी जात नाही, वगैरे. सगळं मान्य. पण कायदा चौकीत पोचल्यावर उपयोगाला येतो. चौकीपर्यंत पोचायच्या आधी जी दहा मिनिटं असतात ना, तेवढ्यात काय होऊ शकतं हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला, रविवारच्या बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी आली या अफवेवरून पाच जणांना जिवे मारलं. नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. त्यांतली काही आपल्या मंगळवेढे तालुक्यातली. एसटीतून उतरले होते आणि एका लहान मुलीशी बोलताना कुणाला तरी दिसले, एवढंच. त्यांच्या हातात तर कॅमेराही नव्हता. तुझ्या हातात होता, आणि शाळेच्या फाटकावर होता! ही बातमी आली तेव्हा तू बारावीत होतास, आपल्याच घरी होतास, टीव्हीसमोर बसून मला विचारत होतास की माणसं अशी का वागतात. मग परळला जाताना ते कसं आठवलं नाही रे तुला?

रागावतोय असं वाटेल. रागावलोच आहे.

त्या नव्या कॅमेऱ्यात म्हणे आवाजच होत नाही. दिवाळीत तू मला दाखवलंस, बटण दाबलं तरी चिडीचूप. तुला त्याचं फार कौतुक होतं. मला तेव्हाच ते खटकलं होतं, पण सणासुदीचं कशाला बोला म्हणून गप्प बसलो. आमच्या कॅमेऱ्याचा खटका मोठा वाजायचा. समोरचा वळून बघायचा, आणि तो बघायचा म्हणून आपल्याला त्याच्याकडे बघावं लागायचं. हसावं लागायचं, मान हलवावी लागायची, कधी शिव्याही खाव्या लागायच्या. तो हिशेब तिथल्या तिथे मिटायचा. तुझ्या कॅमेऱ्याला आवाज नाही, म्हणून हिशेबही नाही, आणि मग कुणीतरी लांबून बघतो की एक पोरगा कॅमेरा पोटाशी धरून, दुसरीकडे बघत, मुलांचे फोटो काढतोय. त्या माणसाने काय समजावं? मी तिथला रहिवासी असतो तर मीही तुझी कॉलर धरली असती.

इथला धंदा तू लहानपणापासून पाहिलायस. वारकरी स्टुडिओत येतो, मागे विठ्ठल-रखुमाईचा पडदा, तो टोपी सारखी करतो, बुक्का नीट लावतो, बायकोला जवळ ओढतो आणि म्हणतो, आता काढा. फोटो त्याचा असतो. मी फक्त दिवा लावणारा. तू मागे एकदा म्हणालास की असले फोटो खोटे, माणूस बेसावध असताना जो चेहरा मिळतो तो खरा. तेव्हापासून मी त्यावर विचार करतोय. त्या माणसाने उभ्या जन्मात एकदा, देवाच्या दारी, आपल्याला जसं दिसायचंय तसं ठरवून दाखवलं, ते खोटं कसं? आणि हमाल दुपारी हातगाडीवर तोंड उघडं टाकून झोपला, ते तेवढं खरं? तुझा तो झोपलेल्या हमालाचा फोटो इन्स्टाग्रामवर फार गाजला म्हणे. मला तो आवडला नाही. उजेड सुरेख पकडलायस, नाकारत नाही. पण त्या हमालाला मुलगी असेल, तिच्या हातातही मोबाइल असेल.

आषाढीला पुलावर उभे राहून मोठमोठ्या लेन्सा लावणारे तू पाहिलेस. चंद्रभागेच्या वाळवंटात बायका आंघोळ करतात आणि हे लोक वरून टिपतात. तेव्हा तूच चिडला होतास, माझ्या आधी.

मार बसला का, ते लिही बाबा. ताईला कळू देणार नाही.

मुंबईत असं काम करताच येत नाही असं मी म्हणत नाही. मेरी एलन मार्क नावाची अमेरिकन फोटोग्राफर बाई १९६८ मध्ये पहिल्यांदा फॉकलंड रोडच्या वेश्यावस्तीत गेली. तिथल्या बायकांनी तिच्या अंगावर कचरा टाकला, पाणी ओतलं. दरवेळी हेच. दहा वर्षांनी ती पुन्हा आली, मुक्काम ठोकला, हळूहळू ओळखी केल्या, मग त्याच बायकांनी तिला घरात घेतलं. १९८१ मध्ये त्या फोटोंचं पुस्तक आलं. त्या पुस्तकातलं सगळं मला पटत नाही, काही फोटो बघून मी पान उलटतो. पण ती पळून गेली नाही, एवढं तिचं घेण्यासारखं आहे. आपला सुधारक ओलवे बघ. महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो त्याने वर्षानुवर्षं काढले, त्यांच्याबरोबर घाणीत उतरून, त्यांच्या घरात बसून. त्या फोटोंतली माणसं चोरून घेतलेली वाटत नाहीत. आणि फोटोग्राफर होमाई व्यारावाला? तिने १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. नव्या फोटोवाल्या पोरांचं वागणं तिला बघवेना. ही गोष्ट १९७० ची. आज ती असती तर तुमच्याबद्दल काय म्हणाली असती, देव जाणे.

आता माझं ऐक. हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही, तुझ्या मामीलाही अर्धंच माहीत आहे.

मी लालबागला एका स्टुडिओत मदतनीस होतो तेव्हा गिरण्यांचा संप चालू होता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसलेले. भारतमाता टॉकीजच्या आजूबाजूला दिवसाढवळ्या माणसंच माणसं, आणि कुणाला कुठे जायचं नाही. चाळींच्या गॅलऱ्यांत बाप्ये बसलेले, खालच्या वाण्याकडे उधारीची वही वाढत चाललेली. अर्धी माणसं गावाकडे गेली होती, काही आपल्या सोलापूरकडची, पुष्कळशी कोकणातली, साताऱ्याची. माझ्याकडे मालकाचा जुना कॅमेरा असायचा. शंभर फुटी ओर्वो फिल्म अंधारात कापून कॅसेटीत भरायची, ती स्वस्त पडायची. ट्राय-एक्स आपल्या ऐपतीबाहेरची. एकेक फ्रेम जपून वापरायची.

आणि मी काय केलं? समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. १३५ची लेन्स लावून, लांबून. गॅलरीतले लोक मला ओळखत होते, स्टुडिओत पासपोर्ट फोटोला येऊन गेलेले. 'काय रे, वर ये, चहा घे' म्हणून हाका मारायचे. मी हात हलवायचो आणि जायचो नाही. का? संकोच. आपण त्यांच्या पडत्या काळात कॅमेरा घेऊन कसं जायचं, काय बोलायचं. मला वाटायचं हा माझा सभ्यपणा. निव्वळ भित्रेपणा होता. नंतर दादांना अर्धांगाचा झटका आला, मी पंढरपूरला परत आलो आणि स्टुडिओला चिकटलो ते आजतागायत.

त्या निगेटिव्ह अजून माळ्यावर आहेत. काहींवर बुरशी चढली. मागच्या पावसाळ्यानंतर काढून उजेडात धरल्या. भिंती आहेत, वाळत घातलेली लुगडी आहेत, पाठी आहेत. खूप पाठी. एकही माणूस माझ्याकडे बघत नाही, आणि एकाचंही नाव मला सांगता येत नाही. आता तिथे टॉवर उभे आहेत. वर जाऊन नुसता चहा घेतला असता तर आज त्या माणसांची नावं तरी माझ्याकडे असती.

म्हणून तुझी काळजी वाटते. तुला वाटतं मामा घाबरट आहे, पोराला घरात बसवायला निघालाय. तसं नाही रे. तू लांबून काढतोस, बेसावध काढतोस, काढून सटकतोस, यात मला माझा तो फुटपाथ दिसतो. मी आपला बुजलेला म्हणून लांब राहिलो. तू धीट आहेस, मग तू का लांब राहतोस? लपून काढलं की मारही बसतो आणि फोटोही पाठमोराच येतो.

काढायचंच तर आधी त्या गल्लीत दोन-चार वेळा नुसता जा. कॅमेरा पिशवीत ठेव. चहाच्या टपरीवाल्याला नाव सांग, कुठला ते सांग, पंढरपूरचा मामा सांग. मुंबईत पंढरपूर म्हटलं की निम्मी माणसं हात जोडतात. मुलांचे फोटो आईबाप शेजारी नसताना काढायचेच नाहीत, यात घासाघीस नको. झोपलेला, आंघोळ करणारा, दारू पिऊन पडलेला, यांना सोडून द्यायचं. कुणी नको म्हणालं तर तिथेच थांबायचं, फोटो दाखवायचा, त्याच्यासमोर पुसायचा आणि मग शांतपणे चालायचं. पळायचं नाही. पळणारा चोरच दिसतो, मग तो कुणी का असेना. आणि तो आवाज चालू कर आधी. कॉलेजचं ओळखपत्र आणि ताईचा नंबर लिहिलेला कागद खिशात असू दे, मोबाइल हिसकावला तर पाठ कुणाला असतो?

हे सगळं मी सांगतोय खरा, पण मला आठवतोय दादरच्या फूलबाजारातला तुझा तो फोटो. अबोलीच्या ढिगाशी बसलेली बाई. तोंडात दोरा, दोन्ही हात गजऱ्यात, आणि डोळे थेट तुझ्याकडे, हसायच्या बेतात. मागे पहाटेचा पिवळा बल्ब. तो फोटो मी मोबाइलवर किती वेळा उघडून बघितलाय सांगत नाही. मामीला दाखवला, शेजारच्या कासाराला दाखवला. एवढी वर्षं स्टुडिओ चालवला, असा एक फोटो माझ्या हातून झाला नाही. ती बाई तुझ्याकडे तशी बघते कारण तू तिच्यासमोर उकिडवा बसला होतास, हो ना? कॅमेऱ्याच्या उंचीवरून ते लगेच कळतं. म्हणजे तुला येतं. परळला ते का केलं नाहीस, एवढाच माझा राग.

थपडा बसल्या असतील तर दोन दिवस घरी बस. ताईला रोज एक फोन कर, काम नसताना कर. ती मला सांगत नाही पण रात्री झोपत नाही, हे तिच्या आवाजावरून कळतं. लहानपणी तू चंद्रभागेच्या घाटावर हरवलास तेव्हा तिचा आवाज असाच झाला होता. तू मात्र एका फोटोवाल्याच्या तिकाटण्याखाली जिलबी खात बसला होतास. त्या दिवशी तुला मारायला हात उचलला होता मी. मारवलं नाही.

कॅमेरा खरंच फुटला असेल तर तसं लिही. माझी जुनी ५०ची लेन्स पडून आहे, तुझ्या कॅमेऱ्याला अॅडॉप्टर मिळत असेल तर बोरा बाजारात विचार. ती लावली की लांबून काही मिळत नाही, जवळच जावं लागतं.

कार्तिकीला आलास तर दशमीच्या आत ये, नंतर गावात पाय ठेवायला जागा नसते. स्टुडिओत चार दिवस हाताखाली पोरगा लागतो मला, आणि तुझ्या मामीने शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे.

तुझ्या खात्यावर थोडे पैसे टाकले आहेत, ताईला सांगू नकोस. त्यातून त्या अबोलीवालीचा आठ बाय दहाचा फोटो छापून घे आणि तिला नेऊन दे. नाव विचार, आणि मागच्या बाजूला लिहून ठेव.

तुझा,
मामा