घरातून हाक मार

पोरी, परवा पुण्याहून तुझा फोन आला, "आजोबा, घरी असताना सगळं दिसत होतं, इथे हॉस्टेलवर काहीच लागत नाही." तुझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या, आवणीची गाणी, म्हसोबाच्या यात्रेतलं चित्रण, आत्याचं लग्न, सगळं तू त्या लहानशा संगणकाच्या डब्यात भरून, घरचे व्हिडिओ कुठूनही दाखवणारं जेलीफिन त्यावर बसवून गेलीस. आता ते घरी आहे आणि तुला दिसत नाही. आपल्या शहापूरकरांना हे दुखणं ओळखीचं आहे: धरण उशाला, कोरड घशाला. भातसा, तानसा आपल्या तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाटही आपल्याच पाड्यांनी बघायची.

मी शहापूर-मुरबाडच्या खांबांवर टेलिफोनच्या तारा ओढत नोकरी केली. तांब्याच्या तारा गेल्या, काचेच्या आल्या, पण बिघाड शोधायची रीत बदललेली नाही. ती तुला देतो, जपून ठेव.

खांबावर चढण्याआधी तार कुठे तुटली ते बघ. आधी आईला विचार, फायबरच्या डब्यावर एलओएसचा दिवा लाल आहे का? लाल असेल तर बहुधा वाटेत काच तुटली आहे. पावसाळ्यात सागाची फांदी पडली तरी तेवढं होतं. तिथे तुझ्या सेटिंगचा काही दोष नाही, केबलवाल्याला फोन कर. दिवा ठीक असेल तर घरातल्या टीव्हीवर चित्र येतं का ते बघायला सांग. येत असेल तर तिच्या मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघायला सांग. घरच्या वायफायवर बसून बाहेरचा रस्ता तपासता येत नाही. तुझी मैत्रीण जेलीफिनऐवजी प्लेक्स वापरत असेल तर तिला आणखी एक सांग: २९ एप्रिल २०२५पासून प्लेक्सवर आपलेच व्हिडिओ घराबाहेरून बघायला पैसे भरावे लागतात. ते न भरता लाइनला दोष देऊ नये.

मग घरी आलीस की पत्ता बघ. राउटरच्या पानावर वॅन किंवा इंटरनेट असं लिहिलेला पत्ता असतो, तो लिहून घे. मग 'माझा आयपी' दाखवणारी कुठलीही साइट घरूनच उघड. दोन्ही आकडे सारखे असतील तर घराला स्वतःचा पत्ता आहे. राउटरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर इंटरनेट कंपनीने अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलेला आहे. तो १० किंवा १९२.१६८ने सुरू होत असेल तर दोन शक्यता आहेत. एक तर कंपनीच्या आत अशीच वाटणी आहे, नाही तर कंपनीच्या डब्यामागे आपण बाजारातून आणलेला दुसरा राउटर लावलाय. दुसऱ्या बाबतीत एका डब्याला ब्रिज करून घे, म्हणजे निदान घरातली गाठ सुटेल.

ही वाटणी का आली तेही समजून घे. जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपास. जगाचा मोकळा साठा फेब्रुवारी २०११मध्ये वाटून संपला आणि एप्रिल २०१२मध्ये या वाटणीसाठी १००.६४चा पट्टा राखून ठेवला गेला. मोठ्या कचेरीत बाहेरचा नंबर एक आणि आत शंभर टेबलांवर फोन असायचे, तसंच हे. टेबलावरून बाहेर फोन लागतो. बाहेरच्याने नुसता तो नंबर फिरवला तर कुणाच्या टेबलावर घंटा वाजवायची, हे ऑपरेटरला कळायचं कसं?

वाटणीतला पत्ता असेल तर पोर्ट उघडत बसू नकोस. जेलीफिनचं ८०९६ किंवा प्लेक्सचं ३२४०० तू घरच्या राउटरवर कितीही उघड, अडसर त्याच्या पलीकडे, कंपनीच्या यंत्रात आहे. स्वतंत्र स्थिर पत्ता मिळतो का, महिन्याला किती पडेल, हे कंपनीला एकदा विचार. मिळाला तर उत्तम.

नाही मिळाला तर घरातून हाक मार. माझा खरा कानमंत्र हाच. घरातून बाहेर जाणारी वाट सहसा अडलेली नसते. म्हणून बाहेरून दार ठोठावण्याऐवजी घरच्या डब्यालाच बाहेर फोन लावून लाइन धरून ठेवू दे. टेलस्केल नावाचं ॲप हेच करतं. ते वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर चालतं. जेलीफिनच्या डब्यावर आणि तुझ्या मोबाइलवर एकाच खात्याने बसव. दोघांची थेट गाठ पडली तर चित्र सरळ येतं. नाही पडली तर मधल्या रिले सर्व्हरमार्गे येतं, तेव्हा वेग कमी होतो. एक जपायचं: टेलस्केलही १००.६४च्याच पट्ट्यातले पत्ते देतं. ते बघून कंपनीचा पत्ता समजू नकोस.

नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा, म्हणजे आयपीव्ही६चा रस्ताही आहे. त्यात पत्त्यांचा तुटवडा नाही, घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळू शकतो. पण राउटरच्या फायरवॉलने आत येऊ द्यायला हवं आणि तुझ्या हॉस्टेलच्या वायफायलाही आयपीव्ही६ हवं. एका टोकाला नसेल तर गाडी तिथेच थांबते.

चढता वेग मोज. घरी तू उतरता वेग बघतेस. पण तू पुण्यात बघतेस तेव्हा आपलं घर पाठवणारं असतं, म्हणून अपलोड बघायचा. हवेतून येणाऱ्या जोडणीवर तो बऱ्याचदा बेताचाच असतो. चित्र अडखळलं तर जेलीफिनमध्ये दर्जा उतरव. ओव्या ऐकायला मोठं चित्र लागत नाही.

विजेला विसरू नकोस. मुरबाड तालुक्यातलं धसई १ डिसेंबर २०१६ला राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. दुकानात कार्डाचं यंत्र आलं तरी त्याला वीज लागते आणि लाइनही लागते. तुझ्या डब्याचंही तसंच आहे. फायबरचा डबा, राउटर आणि सर्व्हर तिन्ही बॅकअपवर घे. वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू होईल असं बायोसमध्ये लावून ठेव, नाही तर रात्री दोन वाजता वीज येईल आणि बटण दाबायला आईला उठावं लागेल. विजा कडाडायची चिन्हं दिसली की मात्र आधीच सगळ्यांचे प्लग काढायचे, त्या वेळी आग्रह नको.

दार सताड ठेवू नकोस. पासवर्ड लांब ठेव, अपडेट टाळू नकोस. आणि ओव्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरी ठेव. धसईला आत्याकडे ठेव. लाइन जोडता येते, पण आजीचा आवाज पुन्हा भरता येणार नाही.

शेवटचं. एक्स्चेंजमध्ये तारांच्या प्रत्येक जोडीची नोंद वहीत असायची, म्हणून नवा माणूसही दुसऱ्या दिवशी काम करू शकायचा. तूही एका कागदावर लिही: कुठली वायर कुठे, कुठला डबा आधी सुरू करायचा, कुठला दिवा हिरवा हवा. मराठीत, ठळक अक्षरात लिही आणि मीटरच्या पेटीशेजारी चिकटव. लाइन जाईल तेव्हा तू पुण्यात असशील. घरी आई असेल.