कापसाच्या काडीने दिलेला शब्द

रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले आणि डॉक्टरांनी मूळपेशींचे प्रत्यारोपण सुचवले, की आपल्याकडे पहिली हाक जाते ती रक्तगटासाठी. 'ओ पॉझिटिव्ह कोणी असेल तर लगेच कळवा' असा निरोप संगमनेरपासून जामखेडपर्यंत फिरतो. त्यामागची कळकळ खरी, पण दार चुकीचे. प्रत्यारोपणासाठी रक्तगट जुळावाच लागत नाही; प्रत्यारोपण यशस्वी झाले, की रुग्णाचाच रक्तगट बदलून हळूहळू दात्याचा होतो. जुळावे लागते ते एचएलए, म्हणजे पेशींवरची आपली ओळख. तिचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. म्हणून सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ज्या घरांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे, तिथे दोन्हीकडून सारखाच संच येऊ शकतो, त्यामुळे चुलत-मावस नातेवाइकांची तपासणीही कधी फळते. घरात कोणी जुळले नाही, तर मात्र परक्या दात्याकडे पाहावे लागते, आणि तो स्वेच्छेने नावे देणाऱ्या दात्यांच्या नोंदवहीत आधीपासून असावा लागतो.

नोंदवहीतून दाता निवडताना डॉक्टर आधी एचएलएच्या ए, बी, सी आणि डीआरबी१ या चार जागा पाहतात. प्रत्येकीच्या दोन प्रती, म्हणून पूर्ण जुळणी आठपैकी आठ. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ३,८५७ प्रत्यारोपणे तपासली गेली. आठही जुळलेल्यांपैकी वर्षभराने ५२ टक्के रुग्ण हयात होते, सात जुळलेल्यांपैकी ४३ टक्के. एका जागेची किंमत एवढी असते. जुळणारे दोघे-तिघे मिळाले तर तरुणाला पसंती मिळते. दात्याला सीएमव्ही विषाणूचा संसर्ग होऊन गेला आहे का, दाता स्त्री असेल तर तिला मुले झाली आहेत का, हेही पाहतात. रक्तगटाचा विचार होतो तो त्यानंतर. टाटा रुग्णालयाने मुंबईत १९८३ सालीच अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले होते, म्हणजे तंत्र आपल्याकडे जुनेच आहे. कमी पडतात ते दाते. अमेरिकेच्या नोंदवहीत युरोपीय वंशाच्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता सापडण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के, दक्षिण आशियाई रुग्णाला मात्र ३३ टक्क्यांच्या आसपास, असे २०१४ साली दिसून आले. जुळणी पूर्वजांच्या वाटेने येते, आणि आपले लोक त्या वहीत फारच थोडे आहेत. 'दात्री', मुंबईची 'मॅरो डोनर रजिस्ट्री' आणि 'डीकेएमएस फाउंडेशन इंडिया' या संस्था आपल्याकडे नोंदणी करतात.

म्हणून माझे सांगणे असे, की कोणी आजारी पडल्यावर गावात शिबिर भरवून त्याच माणसासाठी दाता शोधू नये. शे-दोनशे माणसांत नेमका जुळणारा सापडणे दुर्मीळ, आणि नमुना तपासायला वेळ लागतो. तेवढा वेळ रोग देत नाही. आज नोंदवलेला तरुण उद्या कोणा अनोळख्याच्या कामी येतो, आणि आपल्या माणसाच्या कामी येणाराही कोणीतरी असाच आधी नोंदवलेला असतो. खरा धोका पुढे आहे. नोंदणीच्या नमुन्यासाठी कापसाची काडी गालाच्या आतून फिरवायला मिनिटभर लागते, पण बोलावणे कदाचित काही वर्षांनी येते. तोवर पाथर्डी-शेवगावचा तरुण ऊसतोडीला किंवा सुप्याच्या कारखान्यात गेलेला असतो, सिमकार्ड बदललेले असते, घरच्यांना काहीच ठाऊक नसते. दाता सापडतो आणि हरवतो. त्याहून वाईट म्हणजे अगदी शेवटी माघार घेणे. प्रत्यारोपणाआधी तीव्र औषधांनी रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा नष्ट केली जाते. त्यानंतर दात्याने नाही म्हटले, तर रुग्णाच्या जिवावर बेतते.

आक्षेप आहेत, आणि ते रास्तही आहेत. आता आई-वडिलांच्या अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण होते, मग परका दाता कशाला? खरे आहे, त्या पद्धतीने अनेकांना वाट मिळाली. पण आई-वडील वयस्क किंवा आजारी असतात, कधी रुग्णाच्या रक्तात त्यांच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे असतात. दोन वाटा असलेल्या बऱ्या. पाठीच्या मणक्यातून काढतात, कायमचा अशक्तपणा येतो, ही भीतीही ऐकू येते. बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन हाताच्या शिरेतून काही तासांत पेशी घेतात. त्या दिवसांत हाडे आणि डोके दुखते. मज्जा घ्यायचीच झाली तर भूल देऊन कमरेच्या हाडातून घेतात, मणक्यातून नव्हे, आणि ती काही आठवड्यांत भरून येते. तिसरी शंका, आपल्या जातीतलाच दाता लागेल का? समाजात होणाऱ्या लग्नांमुळे काही संच एका समाजात जास्त आढळतात हे खरे, पण संच जातीची कुंपणे मानत नाहीत. म्हणूनच अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या ठाकर-महादेव कोळी तरुणांपासून नगर शहरातल्या सिंधी कुटुंबांपर्यंत सगळ्यांचीच नावे वहीत हवीत.

१८ ते ३५ वयाच्या धडधाकट तरुणांना माझी विनंती आहे. नोंदणीआधी घरात बसून बोला, आई-वडिलांना आणि जोडीदाराला समजावून सांगा. नंबर बदलला की संस्थेला कळवा. होय म्हणायचे तर शेवटपर्यंत होय म्हणा. नाही म्हणायचे असेल, तर काडी गालाला लागण्याआधी म्हणा.