कंपनीने वाऱ्यावर सोडलेला नॅस: नवी ओएस टाकायला खर्च किती, वेळ किती?

फोटो, टॅलीचे बॅकअप, स्कॅन केलेली कागदपत्रं ठेवायला घेतलेला नॅस अजून चालतोय, पण कंपनीने अपडेट देणं थांबवलंय. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. आहे तसा वापरत राहा, त्यात दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाका किंवा नवा घ्या.

यंत्र इंटरनेटला जोडलेलं असेल तर पहिली वाट बंद समजा. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्हला शेवटचं अपडेट २०१५ मध्ये मिळालं होतं. जून २०२१ मध्ये अनेक देशांतल्या ग्राहकांच्या त्या डिस्का बाहेरून पुसल्या गेल्या. डी-लिंकच्या डीएनएस-३२० एल, ३२५, ३२७ एल आणि ३४० एल या मॉडेलांमध्ये बिनपासवर्डचं छुपं खातं असल्याचं एप्रिल २०२४ मध्ये उघड झालं. कंपनीने सांगितलं, दुरुस्ती मिळणार नाही, यंत्र बदला.

आता दुसऱ्या वाटेचा हिशोब. उदाहरणाला नेटगिअरचा रेडीनॅस घेऊ. भारतात छोट्या ऑफिसांनी आणि स्टुडिओंनी तो बऱ्यापैकी घेतला होता आणि नेटगिअर आता या धंद्यातून बाहेर पडली आहे.

आधी आतला प्रोसेसर पाहा

एक रुपयाही खर्च करण्याआधी मॉडेल नंबर बघा. सगळा निर्णय इंटेल की एआरएम यावर ठरतो.

आरएन ३१२, ३१४ आणि ३१६ मध्ये इंटेलचा अ‍ॅटम आहे, २ जीबी रॅम आहे आणि मागे एचडीएमआय आहे. टीव्ही आणि कीबोर्ड लावला की हा साध्या पीसीसारखाच वागतो. याच्यावर काम करायला हरकत नाही. आरएन १०२ आणि १०४ मध्ये एआरएम प्रोसेसर आहे, रॅम ५१२ एमबी, तीही बोर्डावर कायमची बसवलेली. इथे स्क्रीन लावायची सोय नाही. बोर्डावरच्या पिनांना सिरियल केबल जोडायची, मग बूटलोडरशी आज्ञांमध्ये बोलायचं. केबल दोन-तीनशे रुपयांत मिळते, पण ती ३.३ व्होल्टचीच हवी. ५ व्होल्टची लावली तर बोर्ड जाऊ शकतो. हा छंद असेल तर जरूर करा. डेटा सांभाळणं एवढाच हेतू असेल तर एआरएमच्या मागे लागू नका. डी-लिंकच्या ३२० आणि ३२५ सारख्या जुन्या एआरएम यंत्रांसाठी तर डेबियनची वाटही संपत आली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्या जातीच्या प्रोसेसरसाठी इन्स्टॉलरच दिलेला नाही.

तुमच्याकडे ड्रोबो असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. त्या कंपनीची मालक कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २०२३ मध्ये तिचं दिवाळं पूर्ण वाजलं. डिस्कांवर डेटा मांडायची ड्रोबोची पद्धत तिची स्वतःची, त्यामुळे दुसऱ्या यंत्राला तो सरळ वाचता येत नाही. यंत्र चालू आहे तोवर डेटा बाहेर काढून घ्या. या आठवड्यातच.

कोणती ओएस, आणि फुकट म्हणजे किती फुकट?

ट्रूनॅसचं नाव सगळे घेतात, पण त्याला किमान ८ जीबी रॅम लागते. आरएन ३१४ मधला अ‍ॅटम ४ जीबीच्या वर जातच नाही. विषय संपला. अनरेड विकत घ्यावी लागते. सर्वांत स्वस्त परवाना ४९ डॉलर, त्यात अपडेट एकच वर्ष, पुढे अपडेट हवे तर दरवर्षी ३६ डॉलर. आयुष्यभराचा परवाना २४९ डॉलर. वर कार्डाचं फॉरेक्स मार्कअप आणि त्या मार्कअपवर जीएसटी. जुन्या यंत्रासाठी एवढे पैसे घालू नका.

राहिली ओपनमीडियाव्हॉल्ट, म्हणजे ओएमव्ही. डेबियनवर बांधलेली, फुकट, १ जीबी रॅममध्येही चालते आणि ब्राउझरमधून वापरता येते. आरएन ३१४ साठी हीच घ्या. रॅम वाढवायच्या भानगडीत पडू नका, २ जीबी पुरते. एक गोष्ट ध्यानात ठेवा. ओएमव्हीचा मुख्य भार फोल्कर टाइले या एका डेव्हलपरवर आहे आणि साधारण दर दोन वर्षांनी डेबियन बदलली की ओएमव्हीचीही पायरी चढावी लागते. त्या दिवशी तुमचा अर्धा दिवस जाणार.

खरेदीची यादी छोटी आहे. इन्स्टॉलरसाठी एक पेनड्राइव्ह, तीनशे-चारशे रुपये. ओएस कायमची राहण्यासाठी दुसरी जागा, कारण ओएमव्ही डेटाच्या डिस्कवर बसवायची नसते. तिथे पेनड्राइव्ह चालतो, पण सतत लिहिल्याने झिजतो. त्यापेक्षा सर्वांत छोटी एसएसडी आणि यूएसबी केबल घ्या, साधारण दोन हजारांच्या आसपास बसेल. पेनड्राइव्हच वापरणार असाल तर लिहिणं कमी करणारा प्लगइन टाका. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पन्नासच्या आत मिळतो, तो बदलाच. ही यंत्रं २०१३ पासूनची आहेत. सेल संपला की बायोस बूटचा क्रम विसरतो आणि एक दिवस वीज जाऊन आली की यंत्र गुपचूप जुनी ओएस घेऊन उठतं.

म्हणजे यंत्रावरचा खर्च अडीच-तीन हजार. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली, एका फेरीत सगळं मिळतं. जीएसटीचं बिल मागा. ‘बिलाशिवाय कमी लागेल’ म्हणणाऱ्याकडून एसएसडी घेऊ नका, कारण वॉरंटी बिलावरच मिळते.

पण खरा खर्च वेगळाच आहे: सगळा डेटा मावेल अशी एक रिकामी बाहेरची डिस्क. ४ टीबीची घ्यायची तर दहा हजारांच्या पुढे जाते आणि भाव वरखाली होत असतात, दोन ठिकाणी विचारा. हा खर्च टाळून पुढे जाऊ नका. रेडमध्ये दोन डिस्का आहेत म्हणजे बॅकअप आहे, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. रेड एक डिस्क बिघडली तर वाचवतं. चुकीचं बटण दाबलं गेलं तर दोन्ही डिस्का एकदमच पुसतं.

बसण्याआधी हे हाताशी ठेवा

नॅसचं आणि डिस्कांचं बिल (दोन्हींची वॉरंटी वेगळी असते, डिस्कची तिच्या सिरियल नंबरवरून कंपनीच्या साइटवर दिसते), अ‍ॅडमिनचा पासवर्ड, एन्क्रिप्शन वापरलं असेल तर त्याची चावी, युजर आणि शेअर फोल्डरांची यादी, नेटवर्क सेटिंगच्या पानाचा फोटो. चावी हरवली असेल तर इथेच थांबा. यंत्र चालू आहे तोवर डेटा उघडतो, नंतर कोणीही उघडून देऊ शकणार नाही.

आता वेळ. नेटवर्कवरून ४ टीबी कॉपी करायला सेकंदाला ८० एमबीच्या वेगाने १४ तास लागतात. लाखो छोटे फोटो असतील तर याहून बरेच जास्त. शुक्रवारी रात्री लावा. कॉपी झाल्यावर दहा-वीस फाइल वेगवेगळ्या फोल्डरांतून उघडून पाहा, नुसता आकडा जुळला म्हणून समाधान मानू नका.

यंत्र बंद करून डिस्का काढा आणि प्रत्येकीवर मार्करने खणाचा क्रमांक लिहा. काढायच्याच, सगळ्या. या कामात सर्वाधिक डेटा जातो तो इन्स्टॉलरने चुकीची डिस्क निवडल्यामुळे, आणि डिस्क आतच नसेल तर ती पुसलीही जात नाही. मग टीव्ही-कीबोर्ड लावून बायोसमध्ये यूएसबीला पहिलं स्थान द्या आणि ओएमव्ही बसवा. इन्स्टॉलर डिस्कांच्या यादीत सव्वाशे एमबीच्या आसपासची एक चिमुकली डिस्क दाखवेल. ती नॅसची स्वतःची फ्लॅश मेमरी, मूळ फर्मवेअर तिच्यात आहे. तिला हात लावू नका. ती शाबूत आहे तोवर परत जुन्या ओएसवर जाता येतं.

बसवायला तासभर पुरतो. ब्राउझरमधलं पहिलं लॉगिन ठरलेलंच असतं: युजर अ‍ॅडमिन, पासवर्ड ओपनमीडियाव्हॉल्ट, दोन्ही छोट्या इंग्रजी अक्षरांत. हे सगळ्या जगाला माहीत आहे, म्हणून तो पासवर्ड त्याच मिनिटाला बदला. मग यंत्र बंद करून डिस्का त्याच क्रमाने परत घाला.

इथे रेडीनॅसवाल्यांचं नशीब चांगलं आहे. सहाव्या पिढीची रेडीनॅस ओएस लिनक्सचंच नेहमीचं रेड आणि त्यावर बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम वापरते, त्यामुळे डेबियनला जुना डेटा बहुतेक वेळा जसाच्या तसा दिसतो. ओएमव्हीच्या फाइल सिस्टिमच्या पानावर दोन खुणा असतात. अधिकची खूण नवी फाइल सिस्टिम बनवते, म्हणजे जुनी पुसते. त्रिकोणी खूण आहे तीच जोडते. तुम्हाला त्रिकोण हवा आहे. मूळ यंत्राच्या बूट मेनूतला ‘फॅक्टरी डिफॉल्ट’ही असाच, निरुपद्रवी वाटतो आणि डिस्का साफ करतो.

शेवटी पंखा ऐका. नवी ओएस कंपनीच्या पंख्याची सेटिंग ओळखेलच असं नाही. काही यंत्रांत तो पूर्ण वेगाने घोंघावतो, काहींत फिरतच नाही आणि हे दुसरं जास्त वाईट. पहिले दोन दिवस डिस्कांचं तापमान बघत राहा, ४५ अंशांच्या खाली असावं. पुढची छोटी स्क्रीन आणि दिवे बहुधा मुके राहतील.

बिलात न दिसणारा खर्च

वीज. यंत्र ४० वॅट खातं असं धरा. चोवीस तास चालवलं तर वर्षाला ३५० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर साडेतीन हजार. घरगुती बिलात हे युनिट तुमच्या सर्वांत वरच्या स्लॅबमध्ये पडतात, त्यामुळे दर तिथला धरा. यंत्रावर आता केलेल्या खर्चाहून जास्त पैसे दरवर्षी वीजच घेते. रात्री बंद ठेवता येत असेल तर ओएमव्हीत वेळ लावून ठेवा.

यूपीएस. पावसाळ्यात दिवे मिचमिचणाऱ्या भागात तो हवाच. यूएसबी केबल असलेला घ्या, म्हणजे वीज गेल्यावर नॅस स्वतःहून नीट बंद होतो. घरचा इन्व्हर्टर हे काम करत नाही.

बाहेरून बघण्याची सोय. इंटरनेटवाला स्टॅटिक आयपीचे वर्षाला वेगळे पैसे सांगेल. ते देऊ नका आणि राउटरवर पोर्टही उघडू नका. टेलस्केल हे खासगी नेटवर्क बनवणारं अ‍ॅप वैयक्तिक वापराला फुकट आहे आणि तेवढ्यात काम होतं.

नको ते शॉर्टकट

विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर जुने नॅस उघडेनासे झाले, कारण आता विंडोज जोडणीवर सही मागतं आणि प्रो आवृत्तीत बिनपासवर्डचा पाहुणा चालत नाही. यावर हमखास सल्ला मिळतो, ‘एसएमबी-१ चालू करा’. करू नका. फाइल शेअरिंगच्या त्या जुन्या दारातूनच २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला होता. ओएमव्ही टाकून पासवर्ड असलेला युजर बनवला की अडचण आपोआप सुटते.

सिनॉलॉजीची ओएस दुसऱ्याच्या यंत्रावर चालवून देणारेही भेटतील. ते परवान्याच्या बाहेर आहे आणि एका अपडेटने अडू शकतं. ‘रेडी इमेज’चा पेनड्राइव्ह विकणाऱ्याकडून घेऊ नका, आत कोणाचं खातं आहे तुम्हाला कळणार नाही. इन्स्टॉलर नेहमी मूळ साइटवरून उतरवा.

काम दुकानात देणार असाल तर मजुरी दीड ते तीन हजारांपर्यंत द्यायला हरकत नाही. त्यापुढचा आकडा ऐकला तर उठा. बॅकअप स्वतः घ्या आणि यंत्र डिस्कांशिवाय द्या, टेक्निशियनला ओएस बसवायला त्यांची गरज नसते. जॉबशीटवर सिरियल नंबर, कामाचं वर्णन, ठरलेली रक्कम आणि तारीख लिहून घ्या. डेटा रिकव्हरीवाल्याकडे जायची वेळ आलीच, तर तपासणीची फी वेगळी आहे का आणि डेटा न मिळाल्यास किती द्यावं लागेल, हे दोन प्रश्न लेखी विचारा. वाजलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, जॉबशीट हाताशी ठेवून फोन करा.

यंत्रावरचा खर्च, बॅकअपची डिस्क सोडून, पाच हजारांच्या वर जातोय असं दिसलं तर नाद सोडा. त्या पैशात थोडी भर घातली की ऑफिसातून निघालेला जुना छोटा डेस्कटॉप मिळतो. त्यात रॅम वाढते, ओएमव्हीही तीच चालते आणि रेडीनॅसच्या डिस्का त्यालाही वाचता येतात. नव्या दोन खणी नॅसचा भाव काढाल तेव्हा तो बहुधा डिस्कांशिवायचा असतो, डिस्का धरून विचारा.

जुनं खोकं भंगारात देण्याआधी डिस्का काढून घ्या. त्या देणारच असाल तर आधी पूर्ण पुसा, नुसतं फॉरमॅट पुरत नाही. ४ टीबीची डिस्क एकदा पूर्ण पुसायला सात-आठ तास धरा. बाकीचं नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्या आणि ऑफिसचं असेल तर त्याची पावती फाइलला लावा, ऑडिटर विचारतो.